गाल उचलला की चकती गेली

नेमबाजीची रेंज सुरू केली त्या पहिल्याच रविवारी एक गृहस्थ सायकलला रिकामं पोतं बांधून आले आणि खदानीच्या कडेला लिंबाच्या सावलीत बसले. आम्ही चार-पाच जण बार काढत होतो. केशरी चकत्या आकाशात उडत होत्या, एखादी फुटत होती, बाकीच्या सुखरूप जमिनीवर उतरत होत्या. बराच वेळ पाहून झाल्यावर ते माझ्याजवळ आले.

"म्याडम, कबुतरं कवा सोडता?"

"कोणती कबुतरं?"

"गावात तं सांगून राह्यले का म्याडम कबुतरं मारते. तुमी काई खात नसान. म्हटलं, घेऊन जाऊ."

मी त्यांच्या हातात एक चकती दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, वास घेतला आणि दुःखानं म्हणाले, "हे तं डांबर हाय."

खरंच होतं. या खेळाला इंग्रजीत मातीची कबुतरं मारणं म्हणतात, पण त्यात माती नसते आणि कबुतरही नसतं. डांबर आणि चुनखडीची, बशीएवढी, पातळ चकती असते. खड्ड्यात बसवलेलं यंत्र तिला हवेत भिरकावतं. आपण बारा बोरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीनं ती जमिनीवर पडायच्या आत फोडायची. एवढाच खेळ. सांगायला एक मिनिट लागतं, यायला वर्षं जातात.

माझी सगळी नोकरी पोलिसांत गोळीबार शिकवण्यात गेली. यवतमाळच्या मैदानावर किती पोरापोरींना मी जमिनीवर पालथं पाडून ओरडले असेन: श्वास रोखा, निशाण धरा, घाई करू नका, घोडा हळूच दाबा! निवृत्तीनंतर दारव्ह्याच्या अलीकडे आमच्या बरड जमिनीतल्या जुन्या मुरमाच्या खदानीत, सगळ्या परवानग्या हातात पडल्यावर, हा क्लब काढला. आणि कळलं की मी जन्मभर जे शिकवलं ते सगळं इथे उलटं आहे. रायफलचं लक्ष्य तुमची वाट पाहत उभं असतं. चकतीला तेवढा वेळ नसतो. तुम्ही श्वास रोखून निशाण धरेपर्यंत ती पलीकडच्या तुरीत जाऊन पडते. इथे नळीकडे पाहायचंच नाही. नजर चकतीवर, नळी तिच्या मागून येऊन तिच्या पुढे जाणार, जाता जाता घोडा दाबायचा आणि हात थांबवायचा नाही. शिवाय गाल बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला हवा. चकती फुटली का, हे पाहायच्या उतावीळपणात माणूस मान वर करतो. मान वर झाली की नळीही वर जाते, छर्रे चकतीच्या डोक्यावरून निघून जातात. आमच्या धंद्यातल्या निम्म्या दुःखांचं कारण हा उचललेला गाल आहे.

मग लोक विचारतात, सराव कसा करायचा? कोणती पद्धत सगळ्यात चांगली?

दारव्ह्याचे एक जिनिंगवाले शेठ होते. त्यांनी परदेशी बंदूक घेतली. इतकी सुंदर, की आमचे हे तिला हात लावण्याआधी हात धुऊन यायचे. शेठ आठवडाभर मोबाइलवर नेमबाजीचे व्हिडिओ बघायचे आणि रविवारी नवी पद्धत घेऊन यायचे. एका रविवारी दोन्ही डोळे उघडे, दुसऱ्या रविवारी एक मिटलेला, तिसऱ्या रविवारी पिवळा चष्मा, चौथ्या रविवारी पोटातून श्वास. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पद्धती बरोबर होत्या. एकीलाही त्यांनी दुसरा रविवार दिला नाही. पुढे ते यायचे बंद झाले. ती बंदूक कपाटात पडून असेल, याचं मला अजून वाईट वाटतं. शेठचं फारसं नाही.

दुसरा प्रकार काडतुसांवर काडतुसं उडवणाऱ्यांचा. खांदा सुजला म्हणजे सराव झाला, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तीच चूक पुन्हा पुन्हा करून ते ती पक्की करून घरी नेतात. मी त्यांना सांगते, घरी जा, भिंत आणि छत मिळतं ती रेघ पाहा, आणि बंदुकीऐवजी हातात काठी धरून त्या रेघेवरून टोक फिरवा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, न अडखळता. रोज. कंटाळा येतो, पण अंगाला वळण लागतं. मग रेंजवर एकाच कोनातली चकती, ती अंगात मुरेपर्यंत. आणि फुटलेल्या चकतीवर थांबून घरी जायचं, चुकलेल्या चकतीवर नाही.

देविदासभाऊंनी ही काठीची गोष्ट इतकी मनावर घेतली की त्यांच्या घरची ट्यूबलाइट फुटली.

देविदासभाऊ म्हणजे जवळच्याच गावचे शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन, अंगानं दांडगे, आवाजानं त्याहून. पिकाच्या राखणीसाठी वडिलांपासूनची परवान्याची दुनळी घरात होती. एका पहाटे रानडुकरं हाकलायला म्हणून त्यांनी हवेत बार काढला आणि तो नेमका त्यांच्याच पाण्याच्या टाकीला लागला. डुकरं गेली. टाकीही गेली. गावानं त्यांना 'टाकीवाले भाऊ' म्हणायला सुरुवात केल्यावर ते माझ्याकडे आले. "म्याडम, मले निशाणा शिकवा. नाईतं बंदूकच ठेवून घ्या." ते शनिवारी यायचे.

रविवारी रामधनजी यायचे. हे बंजारा तांड्यावरचे. सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीच्या स्टिअरिंगवर गेलेली, आता थोडी शेती. किडकिडीत, नीटनेटके, स्कूटर रोज पुसणारे. "जत्रेत फुगे लय फोडले म्याडम," ते म्हणाले, "आता म्हटलं, उडती वस्तू पाहू." ते हळूहळू सुधारत होते. देविदासभाऊही हळूहळू सुधारत होते. मला दोघं आवडायचे.

एका शनिवारी देविदासभाऊंना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं, म्हणून ते रविवारी आले. रामधनजी आधीच हजर होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं. देविदासभाऊ वळून लिंबामागे जाऊन उभे राहिले. रामधनजींनी फडकं काढून पुसलेली स्कूटर पुन्हा पुसायला घेतली.

मी देविदासभाऊंकडे गेले. "काय झालं?"

"त्याईच्या पोरीनं माह्या पोराशी कोर्टात जाऊन लग्न केलं."

मी रामधनजींकडे गेले.

"त्याईच्या पोरानं माह्या पोरीशी कोर्टात जाऊन लग्न केलं."

म्हणजे हे दोघं एकमेकांचे व्याही होते. एक कुणबी, एक बंजारा. दोघांच्याही घरी लग्न मान्य नव्हतं. पोरगा निखिल आणि पोरगी मनीषा यवतमाळला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. दोघांच्या आया गुपचूप भाजीपाला घेऊन जाऊन यायच्या. बापांनी अजून उंबरठा पाहिला नव्हता.

मी त्यांना वेगवेगळं ठेवलं असतं, पण त्याच रविवारी आमच्या ह्यांच्या कमरेत उसण भरली. एरवी हे खड्ड्यात बसून यंत्र चालवतात आणि मी नेमबाजाच्या मागे उभी राहते. मागे उभं राहणं हे या खेळातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. ज्याच्या हातात बंदूक असते त्याला आपली चूक कधीच दिसत नाही. छर्रे मागून गेले की वरून, गाल उचलला की हात थांबला, हे मागच्यालाच कळतं. आता यंत्रावर मला बसावं लागणार होतं. दोघंच नेमबाज. एकाच्या मागे दुसऱ्यानं उभं राहण्यावाचून इलाज नव्हता.

देविदासभाऊ पहिले. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि चकती सोडण्याची इंग्रजी हाक दिली, "पुल!" मी चकती सोडली. बार झाला. चकती मजेत निघून गेली.

मागून रामधनजींचा आवाज आला, "म्याडम, त्याईले सांगा, गाल उचलला."

मी खड्ड्यातून ओरडले, "देविदासभाऊ, गाल उचलला!"

"त्याईले सांगा, नाई उचलला."

"रामधनजी, नाही उचलला म्हणतात!"

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. मी दूर खड्ड्यात. पुढच्या चकतीला देविदासभाऊंनी गाल दस्त्यात असा रुतवला, जणू गोंद लावला आहे. चकतीचा भुगा झाला. मग बंदूक रामधनजींकडे गेली आणि देविदासभाऊ मागे आले, आणि मी सांगते, परीक्षकही पेपरावर इतका वाकत नसेल.

"म्याडम, त्याईले सांगा, हात थांबला. मागून गेला बार. लय मागून गेला. पार मागल्या गावातून गेला."

त्या दिवशी मला सरावाची सगळ्यात चांगली पद्धत सापडली. इतर जोड्या मी नेहमी पाहते. मित्र मित्राला जपतो. 'थोडक्यात हुकलं भाऊ', 'वारा होता', 'काडतूस जुनं असन' असं सांगून दोघं सुखानं चुकत राहतात. व्याही तसं म्हणत नाही. व्याह्याला तुमची चूक दिसते, आवडते आणि ती सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. त्यातून मागच्याला खोटं ठरवायचं म्हणून पुढचा जीव तोडून नीट मारतो. दिवाळीपर्यंत दोघं पंचवीस चकत्यांच्या फेऱ्यात वीसच्या आसपास फोडू लागले. ह्यांची कमर केव्हाच बरी झाली होती, पण मी ह्यांना खड्ड्यातच ठेवलं, स्वतः सावलीत चहा घेत बसले आणि व्याह्यांना एकमेकांच्या मागे. वार तोच रविवारचा राहिला. देविदासभाऊंना पुन्हा शनिवारी काही लग्न आलं नाही, तरी.

संक्रांत झाली आणि देविदासभाऊ बिघडले. डावीकडे जाणारी चकती फोडायचे, उजवीकडे जाणारी हमखास चुकायची. मी माझी पोतडी उघडली. भिंतीच्या रेघेचा सराव वाढवला. फक्त उजवीकडच्या चकत्या दिल्या. पाय बदलून पाहिले, बंदूक धरायची उंची बदलून पाहिली. शेठसारखी दर रविवारी नवी पद्धत मीच आणू लागले. काही फरक पडेना.

एकदा चहाच्या वेळी देविदासभाऊ हात धुवायला गेल्याचं पाहून रामधनजी माझ्याजवळ सरकले.

"म्याडम, पद्धती बदलून काई होत नाई. त्याईची मान पाहा. अशी वाकडी करून डाव्या डोयानं पाहून राह्यले ते. आमच्या डेपोत एखादा ड्रायव्हर अशी मान कराले लागला का त्याच्या हातची गाडी काढत होते."

मी देविदासभाऊंना समोर उभं केलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या नाकाकडे बोट दाखवायला सांगितलं. नेमबाजीत ही नेहमीची परीक्षा. बोट ज्या डोळ्यासमोर येतं तो डोळा मालक. पहिल्या दिवशी त्यांचं बोट उजव्या डोळ्यासमोर आलं होतं. आज डाव्यासमोर आलं. उजव्यानं काम सोडून दिलं होतं. बंदूक उजव्या खांद्यावर आणि निशाण धरणारा डावा डोळा, म्हणजे बार वाकडा जाणारच. मोतीबिंदू असणार, असं मला वाटलं. आणि हा माणूस त्या डोळ्यांनी रोज मोटरसायकल चालवत होता.

"भाऊ, डोळे दाखवून या. तोवर बंदूक देता येणार नाही."

"काहून? माह्या डोयाले काय झालं? मले सगळं दिसते." मग त्यांची नजर रामधनजींवर गेली. "अच्छा. त्याईनं सांगितलं काय?"

मी नोकरीत खोटं बोलायला शिकले नव्हते. मी चहाची किटली उचलली, ते पुरे झालं. देविदासभाऊंनी चहाचा कप तसाच ठेवला, मोटरसायकलला लाथ मारली आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

गंमत अशी की रामधनजीही बिघडले. मी स्वतः मागे उभी राहत होते. सगळं आयुष्य ज्या कामात गेलं ते काम. गाल उचलला की सांगत होते, हात थांबला की सांगत होते. तरी चकत्या सुटत होत्या.

"तुमी चांगलं सांगता म्याडम," ते बंदूक मधून उघडून ठेवत म्हणाले, "पण मले राग येत नाई. राग आला का गाल चिकटून राह्यते."

थोडा वेळ ते स्कूटर पुसत राहिले. मग म्हणाले, "म्याडम, तुमी चाला माह्यासंगं त्याईच्या घरी. एकटा गेलो तं कुत्रं सोडतीन अंगावर."

आम्ही गेलो. मी स्कूटरवर मागे, रामधनजी पुढे. बसइतक्याच काळजीनं ते स्कूटर चालवत होते, प्रत्येक वळणावर हॉर्न. कुत्रं होतं, पण झोपलेलं. देविदासभाऊ ओसरीवर उभे राहून तुऱ्हाटीची काडी छताच्या रेघेवरून फिरवत होते. आम्हाला पाहून काडी खाली आली.

"तुमी माह्या घरी काहून आले?"

हे ते रामधनजींना म्हणाले. थेट. मध्ये मी नाही.

"तुमच्या डोयासाठी आलो."

"माह्या डोयाले काई झालं नाई!"

"मंग डावा डोया झाका, अन् मी इचारतो ते सांगा."

एव्हाना शांताबाई, देविदासभाऊंची बायको, पदर सावरत बाहेर आल्या होत्या. बायकोसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. देविदासभाऊंनी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. रामधनजींनी उघड्या दारातून आत पाहिलं. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं.

"त्या भिंतीवर काय हाय?"

देविदासभाऊ हसले. "गणपतीचं कॅलेंडर. हे काय इचारणं झालं? रोज आंघोय करून त्यालेच तं हात जोडतो मी."

शांताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"काहून? गणपतीच हाय ना?"

"अवो," शांताबाई अगदी हळू म्हणाल्या, "गणपतीचं मागल्या सालचं होतं. नव्या सालाचं मी आणलं यवतमाळवरून. निख्यानं फोटोवालं छापून घेतलं. त्याच्यावर निख्या अन् मनीषा हाय. लग्नातले."

देविदासभाऊंनी डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि आत गेले. भिंतीपासून वीतभर अंतरावर जाऊन थांबले. डाव्या डोळ्याचंही फारसं खरं नव्हतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. ते मान वाकडी करून पाहत राहिले.

"म्हणजे मी रोज सकाळी..."

"हाव," शांताबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुमी हात जोडले तं मी घाबरलीच. मंग दुसऱ्या दिवशीबी जोडले. मले वाटलं, तुमचा राग गेला. तुमाले बोलता येत नाई म्हणून असं करून राह्यले. म्हटलं, आपणबी गप राहाव."

बाहेर मला हसू आवरेना. मी पदरात तोंड लपवून ओसरीच्या खांबाकडे वळले. पण मग पाहिलं तर रामधनजी चपला काढून उंबरठ्याच्या आत गेले होते. ते देविदासभाऊंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. लग्नातला फोटो त्यांनीही पाहिला नव्हता. तो पाहावा लागू नये म्हणून घरातला मोबाइल ते बायकोच्या हातात ठेवायचे, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ते बराच वेळ पाहत होते.

"कोणते कपडे हायेत तिच्या अंगावर?" देविदासभाऊंनी विचारलं. "मले लाल दिसून राह्यलं नुसतं."

"फेट्या-कांचळी हाय. आमच्या बायकाईची घागरा-चोळी. आरसे लावलेली." रामधनजींनी फोटोतल्या कांचळीवर बोट टेकवलं. "तिच्या आजीची हाय ती. मले वाटलं, पेटीतच हाय."

"अन् निख्या?"

"तुमच्यावानीच दिसते. छाती काढून उभा हाय."

देविदासभाऊ डोळे पुसू लागले. पुसता पुसता म्हणाले, "पाणी येते हो आजकाल डोयातून. डाक्टरले दाखवाच लागते."

ऑपरेशन यवतमाळला झालं. आधी उजवा, मग डावा. रामधनजी त्यांना घेऊन गेले. नंतर दर थोड्या वेळानं डोळ्यांत थेंब टाकायचे असतात, गावी ते कोण करणार, असं निमित्त काढून देविदासभाऊ निखिलच्याच दोन खोल्यांत राहिले. थेंब मनीषा टाकायची. पहिल्या डोळ्याची पट्टी काढली त्या दिवशी मी भेटायला गेले होते. त्यांनी आधी सुनेकडे नीट पाहून घेतलं, मग खोलीभर पाहिलं, मग रामधनजींकडे नजर गेली आणि तिथेच थांबली.

"व्याही, तुमी तं लय म्हातारे होऊन गेले हो."

"आता पाह्यलं काय?" रामधनजी म्हणाले.

बंदुकीचा धक्का नव्या डोळ्याला सोसवत नाही, म्हणून डॉक्टरांनी बरेच दिवस बार काढायला मनाई केली. देविदासभाऊ तरी रविवारी रेंजवर आले. रामधनजींच्या स्कूटरवर मागे बसून, काळा चष्मा लावून. बंदूक नाही तर नाही, मी मागं उभा राहतो म्हणाले. यंत्र सुरू झालं. पहिल्याच चकतीला त्यांना दिसलं की रामधनजींचा डावा गुडघा वाकतो. दुसऱ्या चकतीला दिसलं की ते घोडा दाबायच्या आधी डोळे मिटतात. तिसऱ्याला कोपर, चौथ्याला खांदा, पाचव्याला टोपीची तऱ्हा. इतके महिने माझ्या पट्टीच्या नजरेतून निसटलेल्या बारीकसारीक खोडी हा माणूस नवी भिंगं लावून एकेक करून वेचत होता, आणि त्याला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नव्हतं.

फेरा अर्धा झाला तेव्हा रामधनजींनी बंदूक मधून उघडली, काडतुसं काढून खिशात घातली आणि माझ्याकडे वळले.

"म्याडम," ते म्हणाले, "याईचे डोये बनवून मीच फसलो."